साठ गिल्डरचं बेट आणि दीड दिवसाची चाल

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गुंतवणुकीवर व्याख्यान देणारी मंडळी चक्रवाढ व्याजाची महती पटवताना एक गोष्ट हमखास सांगतात. अमेरिकेतल्या आदिवासींनी न्यूयॉर्कचं मॅनहटन बेट अवघ्या २४ डॉलरला विकलं. ते २४ डॉलर त्यांनी तेव्हाच व्याजानं लावले असते तर आज त्यांचे किती अब्ज झाले असते, असा तो हिशेब असतो. सभागृहात हशा पिकतो. बिचारे भोळे आदिवासी, मण्यांच्या माळांवर भुलले आणि जगातली सर्वांत महागडी जमीन देऊन बसले!

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ही गोष्ट कानावर आली की मला पहिला प्रश्न सुचतो तो हा, की हे आपल्याला सांगितलं कोणी? विकणाऱ्यानं की घेणाऱ्यानं? आणि कागद कुठे आहे?

कागद आहे, पण तो खरेदीखत नव्हे. ५ नोव्हेंबर १६२६ रोजी पीटर शागेन नावाच्या डच अधिकाऱ्यानं आपल्या सरकारला एक पत्र लिहिलं. अमेरिकेहून आलेल्या जहाजाची ती खबरबात होती. आपली माणसं तिथे सुखरूप आहेत, बायकांना मुलं झाली आहेत, आणि रानटी लोकांकडून मॅनहटन बेट ६० गिल्डर किमतीला विकत घेतलं आहे, असं त्यात आहे. पुढे जहाजात भरलेल्या मालाची यादी येते. बीव्हर नावाच्या प्राण्याची ७२४६ कातडी, शिवाय इतर कातडी आणि लाकूड. बेटाचा उल्लेख जेमतेम एक-दोन वाक्यांचा आणि कातड्यांचा हिशेब तपशीलवार! कुणी विकलं, कुणासमोर विकलं, काय अटी होत्या, यातलं काहीही पत्रात नाही. मूळ करार आज कुठेच उपलब्ध नाही. मण्यांचा उल्लेखही पत्रात नाही. ६० गिल्डरचे २४ डॉलर करण्याचं काम तर एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी केलं. एवढ्या तुटपुंज्या आधारावर एका समाजाला चारशे वर्षं भोळं ठरवलं गेलं.

हा समाज म्हणजे लेनापे. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ साधारण ‘अस्सल माणसं’, ‘मूळची माणसं’ असा होतो. आजचं न्यू जर्सी राज्य, पेनसिल्व्हेनियाचा पूर्व भाग, न्यूयॉर्कचा दक्षिण भाग आणि डेलावेअरचा उत्तर भाग हा त्यांचा मुलूख. त्याला आज लेनापेहोकिंग म्हणतात. इंग्रजांनी त्यांना ‘डेलावेअर’ हे नाव दिलं, तेही व्हर्जिनियाच्या गव्हर्नरचं, लॉर्ड डी ला वॉर याचं. म्हणजे आधी नदीला साहेबाचं नाव आणि मग नदीकाठच्या माणसांना नदीचं नाव! शेजारच्या अनेक जमाती मात्र त्यांना आदरानं ‘आजोबा’ म्हणत. एका मोठ्या भाषाकुळातले सर्वांत जुने, भांडण मिटवायला बसवावेत असे वडीलधारे, असा त्यांचा मान होता.

त्यांची एक सत्ता, एक राजा असं काही नव्हतं. नदीकाठी, ओढ्याकाठी लहान लहान वस्त्या असत. कासव, लांडगा आणि टर्की पक्षी अशी तीन कुळं होती. मूल आईच्या कुळाचं मानलं जाई. शेती बायकांच्या हाती. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावायचे. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढायचा आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरून ठेवायची. पुरुष शिकारीला आणि मासेमारीला जात. ऋतू बदलला की वस्ती हलायची. उन्हाळ्यात किनाऱ्याकडे, थंडीत रानाच्या आडोशाला. त्यांच्या प्रमुखाला सेचम म्हणत. त्याच्याकडे फौज नव्हती, तुरुंग नव्हता. लोक त्याचं ऐकत ते त्याचा शब्द पटला तर.

आता जमिनीचा मुद्दा. आपल्याकडे सातबारा पाहिलेल्या माणसाला तो चटकन कळेल. आपल्या भाषेत मालकी हा एक शब्द आहे आणि वहिवाट हा दुसरा. लेनाप्यांची समज दुसऱ्या शब्दाच्या जवळची होती. या ओढ्याकाठी अमक्या कुळानं पेरायचं, त्या रानात तमक्यांनी शिकार करायची, हे ठरलेलं असे आणि ते काटेकोरपणे पाळलं जाई. परका पाहुणा आला आणि त्यानं भेटी दिल्या, तर त्यालाही राहू द्यायचं, पेरू द्यायचं. भेटी म्हणजे नातं जोडल्याची खूण. नातं टिकवायचं तर भेटी पुन्हा पुन्हा द्यायच्या. युरोपियनांच्या लेखी मात्र एकदा पैसे मोजले की व्यवहार संपला. पूर्वीच्या माणसानं मागे वळून पाहायचं नाही, कुंपण ओलांडायचं नाही. त्यामुळे जमीन ‘विकल्यावरही’ लेनापे तिथे शिकारीला आले की गोरे लोक म्हणत, हे लबाड आहेत. आणि भेटी येणं बंद झालं की लेनापे म्हणत, हे कृतघ्न आहेत.

पण म्हणून लेनाप्यांना कधीच काही कळलं नाही असं मानायचं कारण नाही. दहा-वीस वर्षांत त्यांना गोऱ्यांच्या ‘विक्री’चा अर्थ नीट उमगला होता. नंतरच्या करारांत ते सीमा नेमक्या सांगताना, शिकारीचा हक्क राखून ठेवताना आणि किमतीवर घासाघीस करताना दिसतात. तेव्हा भोळेपणाची गोष्ट फार काळ चालत नाही. पुढे जे झालं ते समजुतीच्या घोटाळ्यानं झालं नाही.

पहिल्यांदा आले ते डच. १६०९ साली हेन्री हडसन हा इंग्रज खलाशी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून आशियाकडे जाणारा जवळचा मार्ग शोधत या किनाऱ्याला लागला. हीच ती कंपनी, जिनं त्याच शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. तिला हवे होते आपल्याकडचे मसाले आणि कापड, आणि हडसनला सापडले बीव्हर! या प्राण्याच्या लोकरीपासून युरोपात टोप्या बनत आणि त्यांना मोठी मागणी होती. मग कातड्यांच्या बदल्यात तांब्याची भांडी, कुऱ्हाडी, जाड लोकरी कापड, बंदुका आणि दारू असा व्यापार सुरू झाला. समुद्रातल्या शिंपल्यांपासून घडवलेले पांढरे आणि जांभळे मणी, ज्यांना वॉम्पम म्हणत, ते या व्यापारात चलनासारखे चालू लागले. लेनाप्यांच्या दृष्टीनं ते नाणं नव्हतं. वॉम्पमचा पट्टा म्हणजे दिलेल्या शब्दाची नोंद, जणू विणलेला दस्तऐवज. डचांनी त्याची कवडी करून टाकली.

व्यापाराबरोबर देवीचा आणि गोवराचा रोग आला. या रोगांची त्या लोकांच्या शरीराला ओळखच नव्हती. वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. शंभरेक वर्षांत लेनाप्यांचा बहुतांश भाग नाहीसा झाला, तो लढाईपेक्षा रोगांनीच.

दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खुणा किती कळत नव्हत्या, याचं एक उदाहरण आहे. १६३१ साली डेलावेअर उपसागराच्या तोंडाशी डचांनी स्वानेंडाल नावाची छोटी वसाहत केली. तिथे खांबावर हॉलंडचं राजचिन्ह रंगवलेला कथलाचा पत्रा लावला. एका लेनापे प्रमुखाला तो पत्रा चिलमीसाठी उपयोगी वाटला आणि त्यानं तो काढून नेला. डचांनी याचा एवढा गहजब केला की प्रकरण मिटवण्यासाठी काही लेनाप्यांनी त्या माणसाला ठार करून तसं डचांना कळवलं. डच चपापले. आम्ही असं करायला सांगितलं नव्हतं, म्हणाले. पण मेलेल्याच्या आप्तांनी सूड घेतला आणि वसाहत जवळजवळ सगळीच कापून काढली. एका पत्र्यापायी! डे व्रीस या डच दर्यावर्दीनं हे लिहून ठेवलं आहे.

याच डे व्रीसनं त्याहून भयंकर अशी दुसरी रात्र पाहिली. १६३९ पासून न्यू नेदरलँडचा गव्हर्नर विलेम कीफ्ट आसपासच्या जमातींकडून मका, कातडी आणि वॉम्पम कर म्हणून मागू लागला. कसला कर? तर तुमचं रक्षण करतो म्हणून! १६४३ च्या फेब्रुवारीत उत्तरेकडच्या शत्रूच्या भीतीनं पळालेली शेकडो माणसं डचांच्या आसऱ्याला आली आणि हडसनच्या पलीकडच्या तीरावर पॅव्होनिया इथे उतरली. कीफ्टनं २५ फेब्रुवारीच्या रात्री त्यांच्यावर सैनिक सोडले. डे व्रीस विरोध करून थकला होता. मध्यरात्री गव्हर्नरच्या घरात शेगोटीपाशी बसला असताना नदीपलीकडून आलेल्या किंकाळ्या त्यानं ऐकल्या. पॅव्होनियात सुमारे ८० आणि मॅनहटनवर सुमारे ४० माणसं मारली गेली. त्यात तान्ही मुलंही होती. त्यानंतर पेटलेलं युद्ध १६४५ च्या ऑगस्टपर्यंत चाललं. डच वसाहतवाल्यांनीच कीफ्टविरुद्ध तक्रारी केल्या. त्याला परत बोलावण्यात आलं आणि १६४७ मध्ये वाटेत जहाज फुटून तो बुडाला.

हे पॅव्होनिया म्हणजे आजचं जर्सी सिटी. आपली कितीतरी मराठी मुलं आज तिथून रोज सकाळी नदीखालच्या रेल्वेनं मॅनहटनला कामावर जातात.

१६६४ साली इंग्रजांनी डचांकडून ही वसाहत घेतली. आता इथे एक असा माणूस येतो, ज्याला मुंबईकरांनी ओळखायला हवं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरलेल्या विवाहात आंदण म्हणून त्याला मुंबई मिळाली, तो करार १६६१ चा. १६६८ मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. याच राजानं १६८१ मध्ये विल्यम पेन नावाच्या माणसाला अमेरिकेतला प्रचंड मुलूख दिला, कारण पेनच्या वडिलांचं, ॲडमिरल पेन यांचं १६ हजार पौंडांचं येणं सरकारकडे थकलं होतं. भाडं काय? वर्षाला बीव्हरची दोन कातडी, विंडसरच्या किल्ल्यावर १ जानेवारीला पोचती करायची! शिवाय सोनं-चांदी सापडलं तर त्याचा पाचवा हिस्सा. मुंबईच्या कोळ्यांना कोणी विचारलं नाही आणि डेलावेअरकाठच्या लेनाप्यांनाही नाही. दोन्ही ठिकाणी मुलूख एका माणसाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला.

तरी विल्यम पेन हा इतरांपेक्षा वेगळा होता, हे मान्य केलं पाहिजे. तो क्वेकर पंथाचा. हा पंथ शपथ घेत नाही आणि शस्त्र धरत नाही. स्वतः त्यानं धर्ममतांसाठी तुरुंगवास भोगला होता. राजानं जमीन दिली असली तरी ती लेनाप्यांकडून विकत घेतल्याखेरीज आपण कोणाला वसवणार नाही, अशी भूमिका त्यानं घेतली. येण्याआधीच, १६८१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं त्यांना पत्र लिहून, गोऱ्यांकडून तुमच्यावर अन्याय झाला आहे हे मला ठाऊक आहे, असं कळवलं. १६८२ मध्ये तो आला. त्यांची भाषा शिकला. दुभाषी लागू नये म्हणून शिकलो, असं त्यानं म्हटलं आहे. फिलाडेल्फियाजवळ शॅकमॅक्सन इथे एका मोठ्या एल्म वृक्षाखाली टॅमनेंड या सेचमबरोबर त्यानं मैत्रीचा करार केला, अशी परंपरा आहे. त्या कराराचा कागद नाही, पण वॉम्पमचा एक पट्टा आहे. दोन माणसं हात धरून उभी आहेत, एकाच्या डोक्यावर टोपी. पेनच्या वंशजानं १८५७ मध्ये तो फिलाडेल्फियाला परत दिला. शपथेवाचून झालेला आणि तरीही न मोडलेला हा एकमेव करार, अशा अर्थाचे उद्गार व्हॉल्तेअरनं काढले.

पण व्हॉल्तेअरला पुढची गोष्ट माहीत नसावी. पेन भला असला तरी जमिनीचा विक्रेताही होता. लेनाप्यांकडून घ्यायची ती युरोपातून येणाऱ्यांना विकायची, हाच त्याचा व्यवसाय. तो कर्जबाजारी झाला आणि १७१८ मध्ये वारला. मुलांच्या वाट्याला मुलूख आला आणि कर्जही आलं. थॉमस पेन आणि त्याचे भाऊ जमीन विकून पैसा उभा करायला निघाले. पण जी विकायची ती अजून लेनाप्यांची होती. त्यांचा कारभारी जेम्स लोगन याचे स्वतःचे पैसे त्याच भागातल्या लोखंडाच्या भट्टीत गुंतलेले होते.

मग एक जुना कागद बाहेर काढण्यात आला. १६८६ मध्ये तुमच्या वाडवडिलांनी ही जमीन पेनसाहेबांना द्यायचं कबूल केलं होतं, असा दावा. एका ठिकाणापासून दीड दिवसात माणूस चालत जाईल तिथवरची. दाखवला तो मसुदा होता, धड सही-शिक्क्यांचा पक्का दस्त नव्हता. लॅपोविन्सो, टिशकोहन आदी प्रमुखांनी बराच काळ हे मानलं नाही. पण दडपण आलं. शेवटी त्यांना वाटलं, दीड दिवसाची चाल म्हणजे आपण चालतो तशी. दोघं निघणार, वाटेत बसून चिलीम ओढणार, काही शिकार मिळाली तर शिजवणार. तेवढं गेलं तर गेलं. १७३७ मध्ये त्यांनी अंगठे उमटवले.

पेनबंधूंनी त्याआधीच, १७३५ मध्ये, गुपचूप माणसं पाठवून वाट आखून ठेवली होती. झाडंझुडपं तोडली, खुणा केल्या. मग चपळ अशी तीन माणसं निवडली. एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज. सर्वांत लांब जाईल त्याला ५०० एकर जमिनीचं आमिष. १९ सप्टेंबर १७३७ रोजी सूर्योदयाला राइट्सटाउनहून ती निघाली. बरोबर रसद घेऊन घोडेस्वार. साक्षीला आलेले लेनापे थोड्याच वेळात ओरडू लागले, अरे, हे चालणं नव्हे, हे पळणं आहे! आणि चिडून परत फिरले. जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळाला. येट्स दुसऱ्या दिवशी कोसळला आणि थोड्याच दिवसांत मेला. मार्शलनं दुसऱ्या दिवशी दुपारी साठेक मैल गाठले.

लबाडी इथेच संपली नाही. मार्शल थांबला तिथून नदीपर्यंत रेघ काढायची होती. सरळ जवळच्या काठाला न नेता मोजणीदारांनी ती काटकोनात वळवून दूर ईशान्येला नेली. अशा रीतीनं पेनबंधूंच्या पदरात सुमारे १२०० चौरस मैल मुलूख पडला. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं एक राज्य जवळपास एवढंच आहे.

मला या प्रसंगात सर्वांत जास्त खटकते ती कायदेशीरपणाची हौस. थॉमस पेन सैनिक पाठवून जमीन हिसकावू शकला नसता असं नाही, पण वडिलांच्या नावाला बट्टा लागला असता. शिवाय विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला निर्वेध कागद हवा होता. म्हणून जुना दस्त, साक्षीदार, सह्या, मोजणी, नकाशा, सगळं रीतसर. लूट करायची, पण दप्तरी नोंद स्वच्छ ठेवायची. ज्यांनी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्यांच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हे नव्यानं सांगायला नको.

लेनापे जागा सोडेनात, तेव्हा १७४२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सरकारनं बलाढ्य इरोक्वाय संघाला मध्ये घातलं. त्यांचा वक्ता कॅनासटेगो यानं भर सभेत लेनाप्यांना ‘तुम्ही बायका आहात, तुम्हाला जमीन विकायचा हक्कच काय’ असं सुनावून निघून जायला सांगितलं. कालपर्यंतचे आजोबा असे हाकलले गेले. लेनापे पश्चिमेला सरकले, डोंगरांपलीकडे. १७५५ मध्ये, फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात युद्ध चालू असताना, त्यांच्यातल्या अनेकांनी सीमेवरच्या वस्त्यांवर हल्ले केले. त्यात निरपराध शेतकरी कुटुंबं मारली गेली, मार्शलच्या बायकोचाही जीव गेला. उलट पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरनं लेनाप्यांच्या शिरांच्या कातडीवर इनाम जाहीर केलं. शांततेच्या करारासाठी प्रसिद्ध झालेला हा प्रांत! १७५६ मध्ये ईस्टनच्या वाटाघाटीत टीडिअसकंग या लेनापे पुढाऱ्यानं, आम्ही उभे आहोत ही जमीनच फसवून घेतली आहे, असं सर्वांदेखत सांगितलं. आणि १७६३ मध्ये फोर्ट पिट इथे बोलणी करायला आलेल्या दोघा लेनाप्यांना देवीच्या रुग्णालयातली दोन घोंगडी आणि एक रुमाल भेट देण्यात आला. विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्यानं आपल्या रोजनिशीत ते लिहून ठेवलं आहे आणि अपेक्षित परिणाम व्हावा अशी आशाही व्यक्त केली आहे.

यानंतरही लेनाप्यांनी करारावरचा विश्वास सोडला नाही. १७७८ च्या सप्टेंबरमध्ये, इंग्रजांशी लढत असलेल्या नव्या अमेरिकेनं आदिवासी राष्ट्राशी केलेला पहिला लेखी करार झाला तो लेनाप्यांशीच. त्यात एक कलम असं होतं की पुढे लेनाप्यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींचं एक वेगळं राज्य संघात सामील होऊ शकेल आणि अमेरिकन काँग्रेसमध्ये त्याचा प्रतिनिधी असेल. हे घडवून आणणारा व्हाइट आइज हा दूरदृष्टीचा पुढारी होता. अमेरिकन सैन्याला वाट दाखवत असताना दोन महिन्यांत तो मेला. देवीनं मेला, असं तेव्हा सांगितलं गेलं. आदिवासींशी संबंध राखण्यासाठी नेमलेला अमेरिकेचा अधिकारी जॉर्ज मॉर्गन यानं नंतर लिहिलं की त्याचा खून झाला होता. ते चौदावं राज्य कधीच झालं नाही.

आणि १७८२. ओहायोतल्या ग्नाडेनहुटेन या गावात ख्रिस्ती झालेले लेनापे राहत. शस्त्र न धरणारे, युद्धात कोणाचीही बाजू न घेणारे. शेतात राहिलेला मका गोळा करायला ते परतले होते. पेनसिल्व्हेनियाच्या शिबंदीनं त्यांना मैत्रीच्या शब्दावर एकत्र केलं, शस्त्रं काढून घेतली आणि मग मारायचं की नाही यावर चक्क मतदान घेतलं. रात्रभर ती माणसं प्रार्थना म्हणत राहिली. ८ मार्चला एकेकाला डोक्यात घाव घालून मारण्यात आलं. २८ पुरुष, २९ बायका, ३९ मुलं. दोन मुलगे वाचले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्यापुढचा प्रवास नकाशावर बोट ठेवून पाहावा. ओहायोतून इंडियाना, तिथून मिसुरी, तिथून कॅन्सस आणि १८६७ नंतर ओक्लाहोमा. प्रत्येक वेळी नवा करार आणि ‘ही जमीन आता कायमची तुमची’ असं आश्वासन. काही गट कॅनडात ऑन्टारियोला गेले, काही विस्कॉन्सिनला. अटलांटिकच्या काठची माणसं हजार मैलांवर कोरड्या गवताळ प्रदेशात जाऊन पडली.

ही गोष्ट ‘आणि ते नाहीसे झाले’ अशी संपवायची सवय आहे. ती खोटी आहे. ओक्लाहोमात बार्टल्सव्हिल आणि अनाडार्को या गावांत आज लेनाप्यांच्या दोन मान्यताप्राप्त राष्ट्रांची कार्यालयं आहेत. त्यातल्या बार्टल्सव्हिलच्या गटाची मान्यता १९७९ मध्ये काढली, १९९६ मध्ये दिली, पुन्हा गेली आणि २००९ मध्ये परत मिळाली. आपण आहोत हे सिद्ध करण्यात त्यांची तीस वर्षं गेली! न्यू जर्सीतही लेनापे वारसा सांगणारे समाज आहेत. त्यांना राज्याची मान्यता आहे, केंद्राची नाही.

२००४ मध्ये अनाडार्कोच्या गटानं त्या दीड दिवसाच्या चालीतल्या ३१४ एकर जमिनीसाठी पेनसिल्व्हेनियात दावा लावला. न्यायालयानं तो फेटाळला आणि २००६ मध्ये अपिलातही तेच झालं. कारण काय दिलं? फसवणूक झाली असं गृहीत धरलं तरी, त्या वेळच्या सार्वभौम सत्तेनं मूळ रहिवाशांचा हक्क संपवला असेल तर तो व्यवहार योग्य होता की नाही, हे न्यायालय तपासत नाही. फसवणूक झाली नाही असं कोणी म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. फक्त ती विचारात घेता येत नाही.

भाषेचं काय झालं? लेनाप्यांच्या दोन भाषा, मुन्सी आणि उनामी. उनामी ही जन्मभाषा म्हणून बोलणारे शेवटचे गृहस्थ, एडवर्ड थॉम्पसन, २००२ मध्ये ओक्लाहोमात वारले. त्यांच्या भगिनी नोरा थॉम्पसन डीन यांनी आयुष्यभर शब्द, गाणी, औषधी वनस्पतींची नावं अभ्यासकांना सांगून ठेवली होती. त्या आवाजांच्या आधारावर आज एक बोलता शब्दकोश तयार झाला आहे आणि तरुण लेनापे मुलं त्यावरून आजीची भाषा शिकत आहेत. मुन्सी जाणणारी मोजकी वृद्ध माणसं ऑन्टारियोत आहेत आणि तिथेही वर्ग चालतात.

माझ्या ओळखीची एक मुलगी न्यू जर्सीत राहते. तिथे मराठी शाळा आहेत, गणपती बसतो, नाटकं होतात. घरापासून इतक्या दूर आपली भाषा मुलांच्या तोंडी राहावी म्हणून आईबाप रविवारची सकाळ खर्च करतात. तिच्याशी फोनवर बोलताना मी सहज म्हटलं, तू राहतेस ते पार्सिपनी हे नाव लेनाप्यांचं. रॅरिटन, पसेइक, हॅकेन्सॅक, राहवे ही सगळी नावंही. ती म्हणाली, काका, मला वाटायचं ही इंग्रजीच आहेत, स्पेलिंग तेवढं विचित्र. आम्ही दोघंही हसलो. पण त्यानंतर तिनं मुलांच्या मराठी वर्गात एक दिवस नकाशा लावला आणि प्रत्येकाला आपापल्या गावाच्या नावाचा अर्थ शोधून आणायला सांगितलं.

मला विचाराल तर दूरच्या देशातल्या वाचकानं यातून घ्यायचं ते एवढंच. विद्यार्थी मला विचारतात, सर, झालं ते झालं, आता जमीन थोडीच परत मिळणार? बहुतेक नाहीच मिळणार. पण ‘त्यांनी २४ डॉलरला विकलं’ हे वाक्य म्हणजे त्या लुटीचं शेवटचं खरेदीखत आहे. ते आपण हसत हसत वाचून दाखवतो, तेव्हा साक्षीदार म्हणून आपलीही सही त्यावर पडते. ती सही न करणं मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून चक्रवाढ व्याजाचा तो हिशेब सांगू लागला, तर नम्रपणे हात वर करून विचारायला हरकत नाही, साहेब, कागद कुठे आहे?